विनामूल्य गाण्याचे मोल

बडोद्याच्या मराठी वस्तीतून, दांडिया बाजारापासून सुरसागराच्या काठापर्यंत, चालत जावे तर भिंतीवरच्या सूचनाफलकांतून एक शब्द वारंवार भेटतो : ‘प्रवेश विनामूल्य’. कीर्तन असो, व्याख्यान असो, कुणा होतकरू मुलीचे पहिले जाहीर गायन असो, तळाशी हा शब्द असायचाच. या शहराने आता ‘वडोदरा’ हे नाव धारण केले असले तरी जुन्या मंडळींच्या तोंडी ते बडोदेच राहिले आहे. आणि जुन्या बडोद्याची जी काही लक्षणे शिल्लक आहेत, त्यांत हा शब्द मी अवश्य धरीन. मात्र त्याचे दोन अर्थ संभवतात. ऐकणाऱ्याला दाम पडत नाही, हा एक. गाण्यालाच मोल नाही, हा दुसरा. पहिला अर्थ मनात धरून बोलता बोलता आपण दुसऱ्यावर केव्हा येऊन ठेपतो, हे पुष्कळदा आपल्याही ध्यानात येत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या ज्ञातीच्या देवळालगतच्या सभागृहात एक अनवट कार्यक्रम झाला. त्या निमित्ताने या दोन अर्थांची जी ओढाताण पाहावयास मिळाली, ती या मासिकाच्या वाचकांना आपल्याच घरची वाटेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

कार्यक्रम होता पियानोच्या साथीने गावयाच्या युरोपीय भावगीतांचा. गाणारी मुलगी येथलीच. आजोळ गोव्याकडचे, शिक्षण बडोद्यात, आणि पुढे काही वर्षे परदेशी राहून तिने तिकडची गानविद्या संपादन केलेली. आपल्या लोकांपुढे एकदा ही गाणी गावी, आणि तीही दाराशी तिकीट न लावता, अशी तिची इच्छा होती. तिने सभागृह मागितले आणि आमच्या समितीत चर्चेला तोंड फुटले.

येथे थोडे थांबून ही गाणी कोणत्या जातीची, ते सांगितले पाहिजे. कारण ‘पाश्चात्त्य गायन’ म्हटले की आपल्यापुढे एकतर चर्चमधला समूहगायनाचा घोष उभा राहतो, नाहीतर भव्य रंगभूमीवर तार सप्तकात गाणारी नाटकातली नायिका. या गीतांचा दोहोंशी फारसा संबंध नाही. येथे एक कवी असतो, एक स्वरकार असतो, एक कंठ असतो आणि एक पियानो. आधी कविता लिहिली गेलेली असते. स्वरकार तिला चाल लावतो, आणि पियानोची साथही स्वतःच अक्षरशः लिहून ठेवतो. व्हिएन्नाच्या फ्रान्झ शूबर्टने (१७९७–१८२८) आपल्या जेमतेम एकतीस वर्षांच्या आयुष्यात अशी सहाशेंहून अधिक गीते रचली. त्यांतले गटेच्या काव्यावरचे एक गीत १८१५ सालचे. रात्रीच्या वाऱ्यात एक बाप आजारी मुलाला छातीशी धरून घोडा फेकीत निघाला आहे. मुलाला वनातला राजा खुणावतो आहे. बाप म्हणतो, बाळ, ते धुके आहे. निवेदक, बाप, मूल आणि तो राजा, अशी चार पात्रे एकटा गायक आपल्या एका गळ्यातून उभी करतो, आणि पियानोवरचा उजवा हात अखेरपर्यंत घोड्याच्या टापा वाजवीत राहतो. आख्यान लावणारा आपला कीर्तनकार याहून निराळे काय करतो? तोही एकाच अंगरख्यात नारद होतो, हिरण्यकशिपू होतो आणि प्रल्हादही होतो.

आणखी एक गोष्ट आमच्या समितीतल्या मंडळींना ठाऊक नव्हती, ती ऐकून त्यांना नवल वाटले. शूबर्टची ही गीते प्रथम गायिली गेली ती मित्रांच्या दिवाणखान्यांत, दहा-वीस स्नेह्यांच्या बैठकीत. निव्वळ स्वतःच्या रचनांचा जाहीर जलसा त्याने आयुष्यात एकच केला, तो २६ मार्च १८२८ रोजी, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो गेला. म्हणजे ज्याला आपण साहेबी थाटाचे गाणे समजतो, ते जन्माला आले घरगुती बैठकीत, आपल्या माजघरातल्या गाण्याच्या जवळच्याच वातावरणात.

तेव्हा मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटावी असे तीत काही नाही. कवितेला कविता म्हणून गाण्याचा नाद बडोद्याला चांगला परिचयाचा आहे. राजकवी चंद्रशेखर येथलेच. पुढे यशवंतांनाही याच संस्थानाने राजकवीचा मान दिला. आणि माधव जूलियन यांचा जन्म १८९४ साली बडोद्यातच झाला. यशवंत आणि माधव जूलियन ज्या रविकिरण मंडळाचे, त्या मंडळाने काव्यगायन महाराष्ट्रभर रूढ केले, आणि पुढे ध्वनिमुद्रिकांतून व नभोवाणीवरून घरोघर पोहोचलेल्या भावगीताला त्याने वाट करून दिली. आपल्या भावगीताला साथ पेटीची, एवढाच काय तो भेद. आणि ती पेटी तरी कुठे आपल्या मातीतली? तीही युरोपातूनच आली. १९४० साली सरकारी नभोवाणीने तिला परकी आणि बेसूर ठरवून जवळजवळ तीस वर्षे बाहेर ठेवले. त्या सबंध काळात आमच्या देवळातले एकही भजन मात्र पेटीवाचून झाले नाही.

परंतु पेटी आणि पियानो यांच्या साथीत एक मोठे अंतर आहे, ते मला त्या संध्याकाळीच स्पष्ट कळले. पेटी गायकाच्या मागोमाग जाते. त्याचा प्रत्येक शब्द आपल्या परीने उचलते. पियानो मागोमाग जात नाही. गायक विरहाची ओळ गात असता तो दूरवरच्या गिरणीचे चाक फिरवीत असतो. गायक थांबला की त्याच्या मनात राहिलेले तो बोलतो. मात्र त्याला मींड येत नाही. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, आणि प्रत्येकीचा स्वर आधीच जागच्या जागी बांधलेला. दरबारीतला आंदोलित गंधार त्याच्यापुढे ठेवला तर तो निरुपाय होतो. म्हणूनच आपल्या रागांतली चाल आणि पियानोची साथ एकत्र नांदवणे हे अतिशय जिकिरीचे काम होय. ते काम ज्यांनी मनावर घेतले, त्यांत एक बडोद्याचा मनुष्य होता, ही गोष्ट आपल्या शहरात फारच थोड्यांना ठाऊक आहे.

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ च्या फेब्रुवारीत येथे गायनशाळा काढली. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली होती. गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या पुस्तकात आणि वर्गात आणावी, हा त्यांचा ध्यास. त्यांचे चिरंजीव अल्लाउद्दीन यांना महाराजांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकावयास पाठविले. मौलाबक्षांच्या घरातच ५ जुलै १८८२ रोजी त्यांचा नातू इनायत खान जन्मला. लहानपणी त्याने दरबारात गणपतीचे संस्कृत स्तोत्र गायिले आणि महाराजांनी प्रसन्न होऊन त्याच्या गळ्यात हार घातला, ही आठवण त्याच्या चरित्रात येते. मुसलमान गवयाच्या घरातला बालक गजाननाचे स्तवन गातो, आणि मराठा राजा त्याचे कौतुक करतो, असे ते बडोदे होते. हाच इनायत १९१० साली भाऊ महेबूब आणि एक चुलतभाऊ यांना घेऊन समुद्रपार गेला. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, रशिया असा प्रवास त्यांनी वाद्ये खांद्यावर घेऊन केला. पुढे इनायत खान सूफी संत म्हणून जगाला ज्ञात झाले आणि १९२७ साली दिल्लीत निवर्तले. धाकटे महेबूब खान (१८८७–१९४८) हॉलंडात हेग येथे राहिले. बडोद्यात असतानाच पाश्चात्त्य स्वरलिपीचे संस्कार त्यांच्यावर झालेले होते. तिकडे त्यांनी कंठ आणि पियानो यांसाठी गीते रचली. आपल्या स्वरविलासातली वळणे, आणि खाली पाश्चात्त्य स्वरसंगतीचा आधार. आपल्या सुरसागराकाठच्या गायनशाळेचे हे नातवंड परमुलखी वाढले, म्हणून त्याला परके म्हणावे काय?

हे सारे मी समितीपुढे मांडले. हरकती दोन होत्या. पहिली अपेक्षितच : देवळाच्या आवारात परक्या भाषेतली, परधर्मीयांची गाणी कशी चालतील? तीवर पुष्कळ वेळ गेला. अखेर आमच्यातल्या वयोवृद्ध बाई, ज्यांना आम्ही सारे ‘मावशी’ म्हणतो, त्या आपल्या ठेवणीतल्या कोंकणीत एवढेच म्हणाल्या, “आमकां कळना म्हूण तें वायट न्हय. आयकून तरी पळोवया.” त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

दुसरी हरकत अधिक बिकट होती, कारण ती हरकतीसारखी दिसत नव्हती. गायिकेला आणि पियानोवादकाला मानधन द्यावे, असे मी सुचविले. त्यावर एक सद्गृहस्थ अत्यंत सद्भावाने उद्गारले, “देवाच्या दारी मानधन कसले? ती आपलीच मुलगी. सेवा म्हणून गाईल.” बहुतेकांनी माना डोलावल्या. ‘सेवा’ हा शब्द आला की आपल्या समाजात वाद संपतो.

मला मात्र त्या क्षणी आमच्या कुलदैवताचा सभामंडप आठवला. आमचे देवस्थान फोंडे महालातले. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी या पंचक्रोशीतल्या देवळांत पालखीपुढे, उत्सवात, सभामंडपात जे गाणे पिढ्यान्‌पिढ्या झाले, ते ऐकावयास कुणालाही दाम पडला नाही. महाजन, पुजारी, वाटसरू, सारे ऐकत असत. माझी आजी त्या गाण्याच्या आठवणी सांगू लागली की तिचा चेहरा उजळे. पण त्या गाणाऱ्या स्त्रिया कोण होत्या, त्यांच्या मुलांना पित्याचे नाव का लाभत नसे, देवासाठी गाणाऱ्या स्त्रीला गावात सन्मानाने संसार का करता येत नसे, हे ती कधी सांगत नसे. आणि आम्हीही विचारत नसू. आपल्याला विनामूल्य मिळालेल्या त्या गाण्याचे मोल त्या कलावंत घराण्यांनी आपल्या आयुष्याने चुकते केले. त्यांच्या पोटीच केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर जन्मल्या. केसरबाईंचा भैरवीतला सूर १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, याचा आपण अभिमान मिरवतो. तो अभिमान मिरवताना त्यांच्या समाजाला स्वतःच्या उद्धारासाठी किती झगडावे लागले, हे राजाराम पैंगीणकरांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र वाचून आपण जाणून घेतले पाहिजे. त्या पुस्तकाचे नावच आपल्याला विचारलेला प्रश्न आहे.

म्हणूनच हिराबाई बडोदेकरांनी (१९०५–१९८९) जे केले, त्याचे महत्त्व मला फार वाटते. त्यांचे आजोळ बडोद्याचे आणि नावातही आपले शहर. त्यांनी नाट्यगृहात, तिकीट लावून, सर्वांसमक्ष बैठक मारून गायिले; असे जाहीर गायन करणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. आज आपल्याला तिकीट म्हणजे बाजार वाटतो. त्या काळी स्त्री-गायिकेच्या दृष्टीने तिकीट ही मुक्तता होती. ज्याने दाम दिला त्याचा हक्क गाण्यापुरता. मैफल संपली की श्रोता आपल्या घरी आणि गायिका आपल्या घरी. कुणाच्या मेहरबानीचे ओझे उरत नाही.

बडोदे संस्थानानेही आपल्या परीने हा प्रश्न सोडवू पाहिला होता. गवई, वादक, नर्तकी यांच्यासाठी ‘कलावंत कारखाना’ नावाचे खातेच होते. तेथे वेतने ठरलेली, रजेचे नियम ठरलेले, आणि दंडसुद्धा ठरलेले. थोर गवयाला हजेरीपुस्तकात बसवण्याची ती शिस्त जाचक होती, आणि ती सर्वांना मानवली असे मी म्हणणार नाही. तथापि तिच्यामागे एक सरळ विचार होता : कला ऐकायची तर कलावंताच्या चुलीची व्यवस्था कुणीतरी केली पाहिजे. ज्या राजाने १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, १९१० पासून गावोगाव मोफत वाचनालये उघडली, त्याला ‘मोफत’ या शब्दाचा जमाखर्च पक्का ठाऊक होता. मुलाने फी दिली नाही तरी मास्तरांचा पगार कुणालातरी द्यावाच लागतो. १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथे भरली, ती याच राजाच्या आश्रयाने.

मी समितीत एवढेच बोललो की दार विनामूल्य ठेवू, पण गाणे विनामूल्य घेऊ नये. पुष्कळ चर्चेअंती वर्गणी करण्याचे ठरले. एका पारशी कुटुंबाने आपला जुना उभा पियानो देऊ केला. तो टेम्पोत चढवावयास सहा हमाल लागले. हलवलेला पियानो लगेच वाजवता येत नाही. नव्या जागी तो दोन दिवस स्वस्थ राहू द्यावा लागतो, आणि मग दोनशेंहून अधिक तारा एकेक करून जुळवाव्या लागतात. त्यासाठी मुंबईहून जाणकार आला. सभागृहात रोज संध्याकाळी बसणारी मुले तो तारा पिळताना पाहावयास गोळा झाली. विनामूल्य कार्यक्रमाला किती खर्च येतो, हे त्या दोन दिवसांत सर्वांनी डोळ्यांनी पाहिले, आणि मानधनाचा विषय आपोआप सोपा झाला.

कार्यक्रमाला ऐंशीच्या आसपास माणसे होती. शूबर्टची पाच गीते झाली. प्रत्येकापूर्वी गायिकेने कवितेचा भावार्थ मराठीतून आणि गुजरातीतून सांगितला. महेबूब खानांची दोन झाली. मध्यंतरानंतर तिने जे गायिले, त्याची आमच्यापैकी कुणालाच कल्पना नव्हती. गुस्ताव होल्स्ट (१८७४–१९३४) हा इंग्रज स्वरकार लंडनमधल्या मुलींच्या एका शाळेत संगीतशिक्षक होता, आणि मोर्ली कॉलेजात कष्टकरी स्त्री-पुरुषांनाही संगीत शिकवीत असे. त्याला ऋग्वेदाची ओढ लागली. उपलब्ध भाषांतरे मनास येईनात, म्हणून तो संस्कृत शिकला. कोश पुढे ठेवून त्याने स्वतः सूक्तांचे इंग्रजी केले, आणि १९०७–०८ च्या सुमारास त्यांतल्या नऊंना कंठ आणि पियानो यांसाठी स्वर दिले. उषा, वरुण, मरुत्, इंद्र, वाक्, श्रद्धा, आणि ‘नासदीय’सुद्धा. त्यांत बेडकांचे सूक्तही आहे. पहिल्या पावसाने जागे होऊन ओरडणाऱ्या बेडकांना अतिरात्र सोमयागात मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांची उपमा देणारे. त्याचा अर्थ सांगितला तेव्हा आमच्या देवळातले वृद्ध वैदिक गुरुजी सर्वांच्या आधी हसले.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना मुद्दाम विचारले. त्यांनी थोडा विचार केला. “यात उदात्त नाही, अनुदात्त नाही, स्वरित नाही, ऋचा म्हणून मी ओळखणार नाही,” ते म्हणाले. “पण उषेच्या वेळी तो पियानो हळूहळू उजाडत गेला. त्या माणसाने पहाट पाहिली आहे.” गायिका जवळच उभी होती. तिला नमस्कार करून ते म्हणाले, “मुली, आमच्याकडून शिकायचे असेल तर ये. म्हणणे कसे असते ते ऐक. मग पुन्हा गा.” ती त्यानंतर चार-पाच वेळा त्यांच्याकडे गेल्याचे मला ठाऊक आहे.

मानधनाचे पाकीट मावशींच्या हस्ते दिले गेले. ते देताना त्यांनी ओटीही भरली. ओटी आपल्या मुलीची आणि पाकीट गायिकेचे, असे दोन्ही मान तिला एकाच वेळी मिळाले. ‘देवाच्या दारी मानधन कसले’ असे म्हणणारे सद्गृहस्थ टाळ्या वाजवीत होते, आणि मला वाटते, मनापासून वाजवीत होते.

आता आमच्या समितीने दर तीन महिन्यांनी असे एक विनामूल्य गायन करावयाचे ठरविले आहे. कधी ख्याल, कधी अभंग, कधी गोव्याकडचे मांडेही; आणि पियानो पुन्हा मिळाला तर ही गीते. त्यासाठी निराळा गायननिधी काढला असून त्याचा हिशेब देवळाच्या फलकावर लागतो : कोणी किती दिले, आणि कलावंताला किती पोहोचले. या मासिकाचे वाचक ठिकठिकाणच्या देवस्थानांशी आणि ज्ञातिसंस्थांशी निगडित आहेत. त्यांच्याकडेही सभामंडप आहे, उत्सव आहे, गाणारी मुले-मुली आहेत. त्यांनी आपल्या फलकावर ‘प्रवेश विनामूल्य’ अवश्य लिहावे. मात्र त्याखाली आणखी एक ओळ असावी, असे मला वाटते : या गाण्याचा खर्च कोणी उचलला. आमच्या फलकावर ती ओळ आता असते, आणि येणारे-जाणारे थांबून ती वाचतात.